मागील दारच्या दोन खोल्या आणि प्राप्तिकराचा हिशेब

प्रश्न : मी ६३ वर्षांचा असून निवृत्तीनंतर पुण्यात कोथरूडला राहतो. गुहागर तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. २०१४ च्या नोंदणीकृत वाटणीपत्राने ते माझ्या एकट्याच्या नावावर आले. ओटी, माजघर आणि देवघर आम्ही स्वतःसाठी ठेवले आहे. मागील दारी बँकेचे गृहकर्ज काढून स्वतंत्र दरवाजाच्या दोन खोल्या बांधल्या असून त्या पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देतो. खोलीला रात्रीचे २,८०० रुपये घेतो आणि त्यात सकाळची न्याहारी येते. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये ॲपवरून ५,४०,००० रुपयांची आणि थेट फोनवरून १,६०,००० रुपयांची आरक्षणे झाली. ॲपकडून बँकेत मात्र ४,४३,८८० रुपयेच जमा झाले. घर सांभाळणाऱ्या गावातल्या जोडप्याला महिना १२,००० रुपये देतो. दुपार-रात्रीच्या जेवणाचे पैसे पाहुणे परस्पर त्यांनाच देतात. कर्जाचे व्याज वर्षाला १,३५,००० रुपये जाते. माझे निवृत्तिवेतन ८,४०,००० रुपये आणि ठेवींचे व्याज १,१०,००० रुपये आहे. घर आंब्याच्या कलमांच्या बागेत असल्यामुळे हे शेतीचे उत्पन्न ठरून करमुक्त होते, असे एक स्नेही सांगतात. दुसरे म्हणतात, कलम ४४एडी लावून सहा टक्के नफा दाखवा आणि मोकळे व्हा. पत्नीला स्वतःचे उत्पन्न नाही, तर हे तिच्या नावावर दाखवता येईल का? जीएसटीची नोंदणी करावी लागेल का? व्यवहार पाहणारा माझा पुतण्या दिवाळीपासून थेट येणाऱ्या पाहुण्यांच्या बिलातही ॲपप्रमाणे पाच टक्के जीएसटी लावतो आहे. त्याचे आतापर्यंत ४,५०० रुपये जमले आहेत. हे बरोबर आहे का?

उत्तर : तुम्ही आकडे व्यवस्थित दिल्यामुळे उत्तरही आकड्यांत देता येते. सुरुवात बँकेत कमी आलेल्या रकमेपासून करू, कारण तिथे गफलत झाली तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. ५,४०,००० आणि ४,४३,८८० यांतला फरक ९६,१२० रुपयांचा आहे. त्यात ॲपचे पंधरा टक्के कमिशन म्हणजे ८१,००० रुपये, त्या कमिशनवरचा अठरा टक्के जीएसटी १४,५८० रुपये आणि उरलेले ५४० रुपये हा तुमच्या पॅनवर कापलेला टीडीएस आहे. प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४-ओ नुसार अशा ॲपला पाहुण्याने मोजलेल्या ढोबळ रकमेवर करकपात करावी लागते. हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून एक टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आला. मालक व्यक्ती असेल, त्याने पॅन किंवा आधार दिलेले असेल आणि वर्षाची ढोबळ रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर कपात होत नाही. तुम्ही ती मर्यादा ओलांडली, म्हणून कापले गेले. ५४० रुपये ही क्षुल्लक रक्कम आहे, पण तिच्यामुळे ५,४०,००० हा आकडा तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, उमटला आहे. पासबुक पाहून ४,४३,८८० रुपये भरले, तर विवरणपत्र आणि विभागाकडची माहिती जुळणार नाही, आणि खुलासा मागणारी नोटीस येण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. म्हणून तुमची जमा ढोबळ ५,४०,००० अधिक थेट आलेले १,६०,०००, म्हणजे ७,००,००० रुपये धरायची. थेट आरक्षणांपैकी काही पैसे पुतण्याच्या खात्यावर आले असतील किंवा रोखीने मिळाले असतील, तरी ते याच सात लाखांत येतात.

शेतीच्या उत्पन्नाचा मुद्दा मी लवकर निकालात काढतो, कारण कोकणात तो पुष्कळदा ऐकू येतो आणि दरवेळी तितकाच चुकीचा असतो. शेतजमिनीवरच्या किंवा तिला लागून असलेल्या घराचे उत्पन्न काही परिस्थितीत शेतीचे मानले जाते, हे खरे आहे. मात्र ते घर कसणाऱ्याने स्वतः राहण्यासाठी, कोठारासाठी किंवा शेतीच्या अन्य कामासाठी वापरलेले असावे लागते. प्राप्तिकर कायद्यातल्या शेती उत्पन्नाच्या व्याख्येच्या दुसऱ्या स्पष्टीकरणात असे लिहिले आहे की, शेतीखेरीज अन्य कोणत्याही कारणासाठी, निवासी भाडे किंवा धंदा धरून, वापरलेल्या इमारतीचे उत्पन्न शेतीचे ठरत नाही. हापूसच्या पेट्यांचे पैसे करमुक्त राहतील, पण त्याच झाडाखाली झोपाळा बांधून राहिलेल्या पाहुण्याचे २,८०० रुपये राहणार नाहीत. बागेतल्या कलमांनी कायद्याच्या कलमातून सुटका होत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. तुम्ही घर भाड्याने देता, की लॉजिंगचा व्यवसाय करता? वरवर हा शब्दांचा खेळ वाटतो, पण कोणते खर्च वजा होणार, अग्रिम कर (वर्षभरात हप्त्यांनी आगाऊ भरायचा प्राप्तिकर) भरायचा की नाही, राज्याचा व्यवसाय कर लागेल का आणि पुढे मालमत्ता विकताना काय होईल, हे सगळे याच उत्तरावर अवलंबून आहे. हा वाद जुना आहे. सुलतान ब्रदर्स या १९६४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले होते की, मालक आपल्या मालमत्तेचा केवळ उपभोग घेत आहे की त्या भाड्याच्या व्यवहारातून धंदा करत आहे, हे प्रत्येक प्रकरणात व्यावसायिकाच्या नजरेने तपासावे लागते. पुढे चेन्नई प्रॉपर्टीज (२०१५) आणि रायला कॉर्पोरेशन (२०१६) या निकालांत, ज्या कंपन्यांचा मूळ उद्योगच मालमत्ता भाड्याने देण्याचा आहे त्यांचे भाडे व्यवसायाचे उत्पन्न मानले गेले. या निकालांचा आधार घेऊन फ्लॅटचे साधे मासिक भाडे घेणारेही ते व्यवसायाखाली दाखवू लागले आणि त्यातून रंगरंगोटीपासून गाडीच्या पेट्रोलपर्यंतचे खर्च वजा करू लागले. ही पळवाट बंद करण्यासाठी २०२४ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्याच्या कलम २८ ला, म्हणजे व्यवसायाच्या उत्पन्नाच्या कलमाला, स्पष्टीकरण जोडले. निवासी घर किंवा त्याचा भाग मालकाने भाड्याने देऊन मिळवलेले उत्पन्न व्यवसायाखाली करपात्र होणार नाही, ते गृह मालमत्तेपासूनचे उत्पन्न या शीर्षकाखालीच येईल, असे त्यात म्हटले असून आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या उत्पन्नापासून ते लागू आहे.

या स्पष्टीकरणात कालावधीचा उल्लेख कुठेही नाही. अकरा महिन्यांचा करार असो वा दोन रात्रींचा मुक्काम, कायद्याने फक्त भाड्याने देणे एवढेच पाहिले आहे. तुमच्याकडे स्वागतकक्ष नाही, नोकरवर्ग नाही, उपाहारगृह नाही. दोन खोल्या, एक देखभाल करणारे जोडपे आणि सकाळची न्याहारी एवढेच आहे. पाहुणा जे २,८०० रुपये देतो, त्यांतला फार मोठा भाग खोलीसाठी आणि समुद्राजवळच्या जागेसाठी असतो, पोहे-घावनांसाठी नव्हे. तेव्हा २०२५-२६ चे तुमचे सात लाख गृह मालमत्तेखाली दाखवावेत, असे माझे मत आहे. आठ-दहा खोल्या, रोज बदलणाऱ्या चादरी, स्वयंपाकी, नौकाविहार आणि सहलींची व्यवस्था असे सगळे असते तर त्याला घर भाड्याने देणे म्हणता आले नसते आणि मी उलट सल्ला दिला असता. याच घराला निव्वळ व्यवसाय मानणारे सल्लागारही तुम्हाला भेटतील. त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नसतो, पण तो सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येईल आणि नव्या स्पष्टीकरणानंतर तो भार वाढला आहे.

गृह मालमत्तेचा हिशेब असा होतो. सात लाखांतून प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा करायची. ती पूर्ण घराची ४,८०० रुपये असेल आणि मागील दारच्या खोल्यांचा वाटा निम्मा धरला, तर २,४०० रुपये. राहिलेल्या ६,९७,६०० रुपयांवर तीस टक्के प्रमाणित वजावट २,०९,२८० रुपये, म्हणून ४,८८,३२० रुपये उरले. त्यातून कर्जाचे व्याज १,३५,००० रुपये गेले की करपात्र उत्पन्न ३,५३,३२० रुपये. कर्ज केवळ या दोन खोल्यांसाठी काढले असल्यामुळे व्याजाची विभागणी करावी लागत नाही, आणि भाड्याने दिलेल्या भागाचे व्याज नव्या कररचनेतही त्या भाड्यातून वजा होते. स्वतः राहत्या घराच्या व्याजाला मात्र ती मुभा नाही. कर्जाच्या मुद्दलाची परतफेड भाड्यातून वजा होत नाही.

मग ॲपचे कमिशन, जोडप्याचा पगार, विजेचे बिल, पंप दुरुस्ती यांचे काय? ते सगळे त्या तीस टक्क्यांत आले, असे कायदा मानतो. तुमचा खर्च त्याहून कमी असेल तरी तीस टक्के मिळतात आणि जास्त असेल तरी तेवढेच मिळतात. घरभाड्याच्या शीर्षकाची ही जुनी ढोबळ मांडणी आहे. महिन्याचे भाडे घेणाऱ्याला ती उदार वाटते आणि रोज पाहुणे ठेवणाऱ्याला तोकडी, कारण त्याचे खर्चच जास्त असतात.

किती तोकडी, तेही पाहू. वर्षाचा पगार १,४४,०००, कमिशन त्यावरच्या जीएसटीसह ९५,५८०, वीज-धुलाई-न्याहारीचे सामान समजा ९०,०००, दुरुस्ती ६०,०००, घरपट्टी २,४०० आणि व्याज १,३५,००० असा सगळा खर्च वजा केला, तर व्यवसायाच्या पद्धतीने नफा घसारा (बांधकाम आणि सामानाच्या झिजेची वजावट) धरण्यापूर्वीच १,७३,०२० रुपयांवर येतो. तुमचे निवृत्तिवेतन ७५,००० रुपयांच्या प्रमाणित वजावटीनंतर ७,६५,००० रुपये, त्यात व्याजाचे १,१०,००० मिळवून ८,७५,००० रुपये होतात. त्यावर व्यवसायाचा नफा धरला तर एकूण १०,४८,०२० रुपये. नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंत कलम ८७ए ची सवलत असल्यामुळे कर शून्य. त्याऐवजी गृह मालमत्तेचे ३,५३,३२० रुपये मिळवले, तर एकूण १२,२८,३२० रुपये होऊन बारा लाखांची रेषा ओलांडली जाते. दरांप्रमाणे कर ६४,२४८ रुपये होतो. मात्र बारा लाखांच्या किंचित वर गेलेल्यांसाठी सीमांत सवलत आहे, म्हणजे रेषेच्या वरच्या रकमेपेक्षा कर जास्त होऊ शकत नाही. म्हणून २८,३२० रुपये आणि त्यावर चार टक्के उपकर मिळून सुमारे २९,४५० रुपये भरायचे राहतात. जुनी कररचनाही मी तपासून पाहिली. ८०सी (गुंतवणूक), ८०डी (आरोग्य विमा) आणि ८०टीटीबी (ज्येष्ठांच्या ठेवींचे व्याज) या वजावटी पुरेपूर धरल्या तरी तिथे कर लाखाच्या पुढे जातो, तेव्हा तो रस्ता सोडून द्या.

तात्पर्य, वादाची किंमत वर्षाला २९,४५० रुपये आहे. तुमच्या दुसऱ्या स्नेह्यांना कलम ४४एडी आठवते ते यामुळेच. त्या कलमात डिजिटल जमेवर सहा आणि रोख जमेवर आठ टक्के अनुमानित नफा दाखवता येतो, म्हणजे सात लाखांवर ४२,००० ते ५६,००० रुपये. पण ते कलम मुळात व्यवसायाला लागू होते, आणि घराचे भाडे व्यवसायात धरायचे नाही असे कायदा सांगतो तेव्हा त्याचे दारच बंद होते. शिवाय सहा टक्के ही किमान पातळी आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त कमावले असेल तर जास्त दाखवायचे, हे त्याच कलमात आहे. आत्ताच आपण खरा नफा पावणेदोन लाखांच्या आसपास मोजला. तो माहीत असून बेचाळीस हजारांवर सही करणे, हा सल्ला मी देणार नाही.

व्यवसाय म्हणण्याचे इतर परिणामही ध्यानात घ्या. साठ वर्षांवरील निवासी व्यक्तीला व्यवसायाचे उत्पन्न नसेल तर अग्रिम कर भरावा लागत नाही. तुम्हाला २९,४५० रुपयांतून टीडीएस वजा करून उरलेली रक्कम विवरणपत्र भरण्यापूर्वी एकदाच, व्याजाशिवाय भरता येईल. व्यवसाय दाखवणाऱ्या ज्येष्ठाला ही सवलत नाही. महाराष्ट्रात व्यवसाय करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर भरावा लागतो, आणि वयाची सूट ६५ नंतर आहे, म्हणजे तुम्हाला अजून नाही. तिसरी गोष्ट दूरची, पण मोठ्या रकमेची आहे. उद्या हे घर विकून दुसरे घर घेतले, तर भांडवली नफ्यावर कलम ५४ ची सूट मागाल. ती सूट ज्या निवासी घराचे उत्पन्न गृह मालमत्तेच्या शीर्षकाखाली करपात्र असते, त्या घराला मिळते. मागील दारच्या खोल्या वर्षानुवर्षे व्यवसायाची मालमत्ता म्हणून दाखवल्या आणि त्यांवर घसारा घेतला, तर त्या भागापुरती ही सूट नाकारण्याचे कारण तुम्हीच विभागाच्या हाती दिलेले असेल.

तरीही पुढच्या वर्षासाठी एक सरळ मार्ग आहे. भाडे आणि सेवा एकत्र असल्या, पण त्या वेगळ्या करता येण्यासारख्या असल्या, तर जागेचे भाडे गृह मालमत्तेत आणि सेवेचा मोबदला व्यवसायात किंवा अन्य उत्पन्नात, अशी विभागणी करता येते. समजा यंदा पावसाळ्यानंतरच्या हंगामापासून खोलीचा दर २,४०० रुपये आणि दोघांची न्याहारी व खोलीची रोजची व्यवस्था ४०० रुपये असे वेगळे सांगितले आणि पावतीवरही वेगळे लिहिले. या दरांनी पूर्ण वर्षात गेल्या वर्षाइतक्याच, म्हणजे २५० खोली-रात्री भरल्या, तर भाडे ६,००,००० आणि सेवा १,००,००० रुपये होते. भाड्यातून वरच्याच पद्धतीने वजावटी केल्यावर २,८३,३२० रुपये उरतात. सेवेच्या लाखातून न्याहारीचे सामान, धुलाई आणि त्या कामापुरता पगार वजा जाऊन फारसे काही उरणार नाही. एकूण उत्पन्न ११,५८,३२० रुपयांच्या आसपास, म्हणजे बारा लाखांच्या आत राहते. मात्र सेवेचा हा भाग छोटा असला तरी व्यवसाय ठरतो, तेव्हा व्यवसाय कराचे २,५०० रुपये त्यात धरा. ॲपवर एकच दर दिसत असेल, तर तिथे फक्त खोली ठेवून न्याहारी ऐच्छिक करा आणि तिचे पैसे जागेवर घ्या. अट एवढीच की विभागणी खरी हवी. खोली १,२०० आणि न्याहारी १,६०० असे लिहिले तर अधिकाऱ्याला काही विचारावेही लागणार नाही, कारण सोळाशे रुपयांचे पोहे गुहागरात कुणी खात नाही. सरलेल्या वर्षाच्या पावत्या मात्र आता मागे जाऊन बदलू नका. त्या वर्षाचा कर भरून टाका.

जेवणाचे पैसे ते जोडपे परस्पर घेते, हे योग्यच आहे. सुरमई बाजारातून त्यांनी आणली, रांधली त्यांनी आणि दरही त्यांनी ठरवला, तर ते त्यांचे उत्पन्न आहे. तुमच्या ॲपच्या पानावर तुम्ही जेवणाचा दर लिहून पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ लागलात, तर चित्र बदलेल.

गणपतीत आणि मे महिन्यात मुलेबाळे आली की या दोन खोल्याही घरच्यांनीच भरतात, असे गृहीत धरतो. त्या दिवसांपुरते घर स्वतःच्या राहत्या वापरात होते, अशी वजावट मागता येत नाही. वर्षातले काही दिवस जरी तो भाग भाड्याने दिला, तरी स्वतः राहत्या घराचे वार्षिक भाडेमूल्य करासाठी शून्य धरतात, तसे त्या भागाचे धरत नाहीत. तुमचे प्रत्यक्ष भाडे अशा घराच्या अपेक्षित वार्षिक भाड्यापेक्षा बरेच जास्त असल्याने कर प्रत्यक्ष सात लाखांवरच लागेल, रिकाम्या दिवसांवर नाही. माजघर-देवघराचा भाग मात्र स्वतःचाच राहतो. तुम्ही कोथरूडच्या फ्लॅटचे मालक असाल, तर तो आणि हा भाग मिळून दोन राहत्या घरांची मर्यादा पाळली जाते.

पत्नीच्या नावाबाबतचे उत्तर नाही असेच आहे. घर तुमचे असताना केवळ ॲपवरचे खाते किंवा बँक खाते तिच्या नावाचे केल्याने उत्पन्न तिचे होत नाही. मालमत्ता न देता नुसते उत्पन्न दुसऱ्याकडे वळवले, तर ते मूळ मालकाच्याच उत्पन्नात धरले जाते. घरच तिला बक्षीसपत्राने दिले, तरी पती-पत्नींमधल्या अशा हस्तांतरानंतरचे उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. उलट तोटा मात्र होईल. टीडीएस तिच्या पॅनवर दिसेल आणि उत्पन्न तुमच्या विवरणपत्रात असेल, ते जुळवत बसावे लागेल. तुमचे वाटणीपत्र झालेले आहे, हे भाग्याचे. ज्या घरांच्या उताऱ्यावर अजून भाऊ-बहिणींची नावे सामाईक आहेत, तिथे वाटे निश्चित असतील तर भाडे प्रत्येकाच्या वाट्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या विवरणपत्रात जाते. मग कागदावर बहिणीचा वाटा दाखवून पैसे स्वतःकडे ठेवणे बरे दिसत नाही, आणि टिकतही नाही.

घरपट्टीसाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून पाहा. त्यात मागील दारच्या खोल्यांची नोंद आहे का आणि वापर निवासी लिहिला आहे का, हे तपासा. वापर बदलला असेल आणि ग्रामपंचायतीने दर बदलून मागितला, तर भरलेली पट्टी भाड्यातून वजा होते, पण ज्या वर्षी भरली त्याच वर्षी. न भरलेल्या थकबाकीला वजावट नाही. राज्याच्या पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी केली नसेल तर करावी. तिने प्राप्तिकर माफ होत नाही, तसे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण नोंदणीचे प्रमाणपत्र हाती असले की वीज आणि पाणी कोणत्या दराने लावायचे, हा प्रश्न महावितरणच्या आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कागद पुढे ठेवून विचारता येतो.

विवरणपत्रासाठी बँकेचे व्याज प्रमाणपत्र, घरपट्टीची पावती, ॲपचा वार्षिक तपशील आणि थेट पाहुण्यांची वही एवढे पुरे. वहीत तारीख, किती रात्री, रक्कम, आणि यूपीआय की रोख, एवढे चार रकाने असू द्या. मुदत ३१ जुलै २०२६ आहे. हे विवरणपत्र १९६१ च्या कायद्याखाली भरायचे आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण तीस टक्के वजावट आणि व्याज ही घरभाड्याची मांडणी कायम आहे.

राहिला जीएसटी. नोंदणी तुम्हाला लागत नाही. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्यासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा वीस लाख रुपये आहे. ही उलाढाल एका पॅनवरची देशभरातली आणि करमुक्त पुरवठेही धरून मोजतात. ठेवींचे व्याज मिळवले तरी तुम्ही ८,१०,००० रुपयांवर आहात. ॲपवरून झालेल्या आरक्षणांवर, मालक नोंदणीस पात्र नसेल तर जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) नुसार ॲपच पाहुण्याकडून कर घेऊन भरते. एका दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर हा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे. हजार रुपयांच्या आतल्या खोलीला पूर्वी असलेली माफी १८ जुलै २०२२ पासून संपली, पण तो प्रश्न तुमच्या दराला येत नाही.

थेट पाहुण्यांकडून मात्र तुम्हाला एक रुपयाही जीएसटी म्हणून घेता येत नाही. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने कर वसूल करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि कर म्हणून घेतलेली रक्कम सरकारकडे जमा करणे बंधनकारक आहे. पुतण्याने हे ॲपच्या बिलाशी मेळ राहावा म्हणून केले असणार, त्याचा हेतू वाईट दिसत नाही, पण ते ४,५०० रुपये ना त्याचे आहेत ना तुमचे. ते सात लाखांच्या भाड्यातही मिळवू नका. नोंदणीस पात्र नसलेल्या, पण रक्कम भरणे भाग असलेल्या व्यक्तीला जीएसटी अधिकाऱ्याकडून तात्पुरता ओळख क्रमांक मिळतो. करसल्लागारामार्फत तो घेऊन ही रक्कम चलनाने भरून टाका आणि चलनाची प्रत त्या वहीत लावून ठेवा. बिलातली ती ओळ मात्र आजच काढायला सांगा. पाहुण्याला ॲपचा आणि तुमचा दर सारखाच ठेवायचा असेल, तर खोलीचे भाडेच त्या हिशेबाने ठरवा. फक्त त्याला कर म्हणू नका.